मुलांचा जबडा, लेझरचा प्रकाश आणि दोन डॉक्टर

जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पिवळं पडलेलं बाळ निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता घरोघरी माहीत आहे. हा उपचार सापडला १९५६ मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात. तिथल्या सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात बाहेर न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला तिकोनी भाग गडद पिवळा राहिला होता. १९५८ मध्ये तिथलेच डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते आणि शरीर त्याला बाहेर टाकू शकतं. किती फरक पडला ते रक्ताच्या तपासणीत आकड्यात दिसतं.

तेव्हा प्रकाशाने मूल बरं होऊ शकतं, यावर वाद नाही. वाद आहे तो कानाच्या पुढ्यातल्या एका लहानशा सांध्यावरून. जबडा दुखतो, उघडताना खट वाजतो, मध्येच अडकतो, अशा मुलांच्या गालावर लाल किंवा इन्फ्रारेड लेझर धरावा का? या उपचाराला पूर्वी लो-लेव्हल लेझर थेरपी म्हणत, आता फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. दंतवैद्यांमध्ये याबद्दल दोन तट आहेत. ते इथे दोन डॉक्टरांच्या तोंडी मांडले आहेत. पात्रं रचलेली आहेत, त्यांच्यातला मतभेद मात्र खरा आहे.

पहिल्या डॉक्टर म्हणजे मॅडम. त्यांनी सरकारी दंत महाविद्यालयात जबड्याच्या शस्त्रक्रिया करण्यात अख्खी नोकरी घालवली. दुसरा त्यांचाच विद्यार्थी, आता मुलांच्या दातांचा डॉक्टर. नाशिकला त्याचा दवाखाना आहे आणि त्याने नुकतंच लेझरचं यंत्र घेतलं आहे.

"मॅडम, अकरा-बारा वर्षांची मुलगी येते," त्याने सुरुवात केली. "सकाळी उठली की गाल जड, कानाजवळ ठणका. आईने आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलेलं असतं. कान स्वच्छ. मग घरातलं कुणी म्हणतं, रात्री दात खाते म्हणजे जंत झालेत. जंताचं औषध होतं. तरी दुखतंच. मग ती माझ्याकडे येते. गालाच्या स्नायूवर बोट दाबलं की डोळे घट्ट मिटते. तिला मी गोळ्या किती दिवस देऊ? रात्री दातांवर चढवायचा नाइट गार्ड बसवला तर दुधाचे दात पडताहेत, नवे येताहेत, काही महिन्यांत तो बसेनासा होतो. लेझरला सुई नाही, कडू चव नाही, भूल नाही. प्रोब गालाला टेकवायचा, एकेका जागी थोडा वेळ धरायचा, पुढची जागा."

"तोंड किती उघडतं तिचं?" मॅडमनी विचारलं.

"तिचीच तीन बोटं उभी आत जातात."

"मिलिमीटरमध्ये?"

"बेचाळीस."

"उघडताना हनुवटी कुठे जाते?"

"सरळ खाली."

"मग पुढे बोल."

हे तीन प्रश्न मॅडमनी आधी का विचारले ते समजायला सांध्याची रचना पाहावी लागेल. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून सावकाश तोंड उघडलं की हाडाचा गोल शेंडा बोटाखालून सरकताना जाणवतो. तो खालच्या जबड्याचा कॉन्डाइल. तोंड उघडायच्या सुरुवातीला तो जागेवर फिरतो आणि मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. तो आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये एक चकती असते, तीही सोबत सरकायला हवी. चकती जागेवरून हलली असेल तर उघडताना कॉन्डाइल तिच्यावर पुन्हा चढतो आणि खट असा आवाज येतो. एका बाजूचा सांधा सरकायचा थांबला तर हनुवटी त्याच बाजूला वळते. आरशासमोर उभं करून मुलाला तोंड उघडायला सांगितलं तर पालकांनाही हे दिसू शकतं.

मोठ्या माणसाच्या आणि मुलाच्या सांध्यात एक फरक फार महत्त्वाचा आहे. मुलाच्या कॉन्डाइलवर वाढीचा कूर्चा असतो. खालचा जबडा खाली आणि पुढे वाढतो, चेहऱ्याला लांबी येते, त्यात या कूर्चाचा मोठा वाटा आहे. त्याला लहानपणी इजा झाली तर पुढे हनुवटी मागे राहते किंवा चेहरा एका बाजूला कलतो. म्हणून मुलाच्या जबड्यावर काहीही लावताना दुखणं थांबलं का एवढंच पाहून भागत नाही.

"पण मॅडम, हा प्रकाश काही जाळत नाही," विद्यार्थी म्हणाला. "आपल्याकडे लेझर म्हटलं की लोकांना कापणारा लेझर आठवतो. यात ऊब जाणवली तर जाणवते, नाही तर तीही नाही."

उपचाराच्या बाजूने त्याने मेस्टरची गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्यासारखी आहेच. थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवला, माणकाच्या कांडीतून निघणारा लाल. काही वर्षांनी बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर तशाच लेझरचा गाठींवर काय परिणाम होतो ते उंदरांवर पाहत होते. त्यांचं यंत्र कमी ताकदीचं होतं, गाठींचं काही झालं नाही. पण भादरलेल्या कातडीवर जिथे प्रकाश पडला तिथे केस लवकर उगवले. तिथून मेस्टर न भरणाऱ्या जखमांकडे वळले. पुढे रशियातल्या तीना कारू यांनी पेशींमधला एक घटक पुढे केला, मायटोकॉन्ड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे वितंचक. लाल आणि त्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश ते शोषून घेतं, पेशीला ऊर्जा जास्त मिळते आणि सूज, वेदना कमी होते, असा हा तर्क. तो बराच मान्य झाला आहे, तरी सगळी प्रक्रिया त्यातच उलगडते असं नाही.

"आणि मुलांमध्येही हे चालतं," तो पुढे म्हणाला. "कॅन्सरच्या औषधांनी किंवा रेडिएशननी तोंड आतून सोलवटून निघतं, पाणी गिळवत नाही. तिथे लाल प्रकाशाने फोड येणं कमी होतं. मणिपालमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये छापून आली. कोणाला खरा लेझर मिळाला हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आता तर कॅन्सरच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही या प्रकाशाचं नाव आहे."

मॅडमनी मान हलवली. "त्यात मला काही शंका नाही. तिथे तोंडातला व्रण तू बघू शकतोस. काविळीत रक्ताचा आकडा बघू शकतोस. इथे तुझ्याकडे आहे काय? मुलीचं सांगणं. तिची परीक्षा संपली की तिचं दुखणं कमी होतं. सुट्टीत गावाला गेली की कमी होतं. तू त्या आठवड्यात लेझर दिलास तर श्रेय लेझरला."

हा मुद्दा नुसता तोंडी नाही. स्वीडनमध्ये ७, ११ आणि १५ वर्षांची ४०२ मुलं निवडून त्यांच्या जबड्याच्या तक्रारी वीस वर्षं पाहिल्या गेल्या. तक्रारी येत राहिल्या, जात राहिल्या. ज्याचा जबडा एका तपासणीत खट वाजत होता त्याचा पुढच्या तपासणीत वाजेलच असं नव्हतं. गंभीर, तोंड बंद पाडणाऱ्या आजारापर्यंत पोचलेले फारच थोडे. त्याच देशातल्या ओस्टरयॉटलंड प्रांतात सरकारी दंतसेवेत १२ ते १९ वर्षांच्या मुलांना दरवर्षी दोन प्रश्न विचारले जात: कानशिलात, चेहऱ्यात किंवा जबड्यात आठवड्यातून एकदा तरी दुखतं का? आणि तोंड मोठं उघडताना किंवा चावताना आठवड्यातून एकदा तरी दुखतं का? त्यावरून २००५ मध्ये छापलेला आकडा ४.२ टक्के होता, आणि मुलींचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त. आपल्या शाळांच्या दंत तपासणीत हे दोन प्रश्न घातले तर खर्च शून्य आहे. कीड किती, हिरड्या कशा, एवढंच लिहून तपासणीचा कागद पुढे सरकतो आणि कान दुखतो म्हणणारी मुलगी वर्षभर कानाचे थेंब घालत राहते. हे बदलायला कोणतंही यंत्र लागत नाही.

"बरं, मोठ्या माणसांवर झालेल्या चाचण्या घ्या," विद्यार्थी म्हणाला. "२०१८ मध्ये एकतीस चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यात लेझरने वेदना कमी होते, असाच त्याचा निष्कर्ष."

"२०११ चा आढावाही घे. त्यात सहाच चाचण्या होत्या, आणि खोट्या लेझरपेक्षा खरा वरचढ ठरला नाही. २०१५ च्या आढाव्यात चौदा चाचण्या. तोंड उघडण्यात फायदा, वेदनेत खास नाही. तू तुला हवा तो आढावा काढतोस, मी मला हवा तो."

या गोंधळाचं कारण मात्रेत आहे. लेझरची मात्रा कातडीच्या चौरस सेंटिमीटरवर किती ज्यूल ऊर्जा पडली यावर मोजतात. २००३ च्या तुर्की अभ्यासात ती ३ ज्यूल होती. २००५ च्या ब्राझीलमधल्या अभ्यासात ६.३. ब्राझीलमध्येच २००९ मध्ये २५, ६० आणि १०५ ज्यूल देऊन पाहिले गेले. म्हणजे पस्तीस पटींचा फरक, आणि सगळ्याचं नाव एकच. त्यात भर म्हणजे हा उपचार एका ठरावीक पट्ट्यातच काम करतो असं दिसतं. फार कमी दिला तर काही नाही, फार जास्त दिला तर उलट पेशी मंदावतात. औषधाच्या बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. लेझरच्या अहवालात तरंगलांबी, ताकद, वेळ, ठिपक्याचा आकार, जागा किती आणि बैठका किती हे सगळं लिहिल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला तो उपचार पुन्हा करताच येत नाही. बऱ्याच अहवालांमध्ये यातलं काही ना काही सुटलेलं असतं.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. मेलॅनिन लाल प्रकाश जास्त शोषतं, इन्फ्रारेड त्या मानाने कमी. सावळ्या कातडीवर लाल लेझरची ऊर्जा वरच्यावर जास्त अडते. परदेशातल्या चाचणीतली मात्रा जशीच्या तशी उचलून नाशिकच्या मुलीला देणं म्हणूनच बरोबर नाही. विद्यार्थी इन्फ्रारेड वापरतो, ८१० नॅनोमीटर. त्याने ही निवड विचारपूर्वक केली होती आणि मॅडमनी ती मान्य केली.

"चष्मा?" त्यांनी विचारलं.

"मला, मुलीला आणि शेजारी बसलेल्या आईलाही. खोलीचं दार बंद."

इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणून तो डोळ्यात गेला तरी पापणी मिटत नाही. लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवणारा. दवाखान्यात लहान भावंडं सोबत आलेली असतात, ती यंत्राकडे वाकून बघतात. ही काळजी प्रत्येक ठिकाणी घेतली जाते का, हे पालकांनी विचारलं पाहिजे. त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा, उन्हाचा गॉगल चालत नाही.

मुलांच्याच जबड्यावर काय पुरावा आहे? अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. साओ पावलोच्या नोव्हे दे ज्युल्यो विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपेत दात खाणाऱ्या मुलांवर लेझर आणि इन्फ्रारेड एलईडी वापरून पाहण्याचं काम गेली काही वर्षं केलं आहे. चावण्याचा जोर, डोकेदुखी, स्नायूंची हालचाल असं त्यांनी मोजलं. दात खाणं आणि सांध्याचा आजार हे एकच नव्हेत, पण मुलांच्या चेहऱ्याच्या स्नायूंवर शिस्तीने प्रयोग करता येतात, हे त्यातून दिसतं.

"मी तेच म्हणतोय," विद्यार्थी म्हणाला. "स्नायूंच्या दुखण्यापुरतं बोलूया. लेझरने सांधा दुरुस्त होतो असा माझा दावाच नाही. मुलीला मी जबड्याचे व्यायाम शिकवतो. जीभ टाळूला लावून तोंड उघडायचं, दात एकमेकांवर टेकवून ठेवायचे नाहीत, पेनचं टोपण चावायचं नाही, च्युइंगम बंद. ती म्हणते, व्यायाम केला की दुखतं. दुखतं म्हणून करत नाही. लेझरने दोन तास जरी बरं वाटलं तरी त्या दोन तासांत ती व्यायाम करते. मला ती फट हवी आहे."

इथे विद्यार्थ्याची बाजू वजनदार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या सांध्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना छापल्या. दीडशेहून जास्त चाचण्यांच्या जाळ्यातून तुलना करून त्या काढल्या होत्या. त्यात ठाम शिफारस मिळाली ती जबड्याचे आणि मानेचे देखरेखीखालचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, वेदनेकडे पाहण्याची पद्धत बदलणारं समुपदेशन आणि घरी करायचे साधे उपाय यांना. म्हणजे पाठबळ मिळालेल्या उपायांत मोठा वाटा आहे तो रुग्णाने स्वतः करायच्या गोष्टींचा. मूल ते करत नाही, ही खरी अडचण, आणि विद्यार्थी तिलाच हात घालतो आहे.

"त्याच सूचनांमध्ये लेझर नको म्हटलंय," मॅडमनी आठवण करून दिली.

"सौम्य शब्दांत नको म्हटलंय, मॅडम. पुरावा कमजोर आहे म्हणून. त्याच यादीत, त्याच शब्दांत, काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटलाही, म्हणजे नाइट गार्डसारख्या साधनालाही, नको म्हटलंय. आपल्या सगळ्या दवाखान्यांत रोज स्प्लिंट बनतात. तिथे कुणी हरकत घेत नाही. आणि त्या सूचना मोठ्यांच्या जुनाट दुखण्याच्या आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची आहे नि तिला दुखायला लागून सहा आठवडे झालेत."

मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "हे खरं आहे. स्प्लिंटचं तू म्हणालास ते खरं आहे."

त्यांची भीती मात्र वेगळी होती, आणि ती त्यांनी पाहिलेल्या मुलांतून आली होती. "अरे, माझ्याकडे आलेल्या मुलांना दुखत नव्हतं. सहा-सात वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरून किंवा जिन्यावरून हनुवटीवर पडलेला. तेव्हा हनुवटी फुटली, टाके पडले, सगळ्यांचं लक्ष जखमेकडे. कानाजवळ कॉन्डाइल मोडलाय हे कुणी पाहिलंच नाही. मग हळूहळू तोंड कमी उघडायला लागलं. आई म्हणते, आता डाळ-भातच खातो, सफरचंदाची फोड करून द्यावी लागते. शेवटी दोन दातांमध्ये आईस्क्रीमची काडीसुद्धा जात नाही. सांधा हाडाने भरून गेलेला. जबडा वाढत नाही, हनुवटी मागे, झोपेत घोरतो, श्वास अडकतो. त्याला कुणी कुठे शेक दिलेला असतो, कुणी मालीश केलेलं असतं. उद्या कुणी लेझर देईल. दुखणं नाही म्हणून सगळं ठीक वाटेल आणि आणखी एक वर्ष जाईल."

सांधा हाडाने जोडला जाण्याचा हा आजार, अँकायलोसिस, भारतात अजूनही शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो. लहानपणीचा हनुवटीवरचा मार हे त्याचं मुख्य कारण, कधी कानातला पू. हाड कापून जागा मोकळी करतात, काही मुलांत बरगडीचा कूर्चा-हाडाचा तुकडा तिथे बसवतात. त्यानंतर महिनोन्‌महिने तोंड उघडायचा व्यायाम. दाढांच्या मध्ये लाकडी काड्या एकावर एक रचायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. मूल रडतं, आई रडते, आणि तरी काडी वाढवावी लागते, नाहीतर सांधा पुन्हा जुळतो. हे सगळं पडल्यापडल्या कानाजवळ बोट ठेवून आणि एक एक्स-रे काढून बऱ्याचदा टाळता येतं. हनुवटीवर पडलेल्या मुलाचं तोंड उघडून पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हे मॅडम वर्गात सांगत, आणि विद्यार्थ्याला ते पाठ होतं.

न दुखणारा दुसरा आजार लहान मुलांचा संधिवात. गुडघे-घोटे सुजलेल्या मुलात जबड्याचा सांधाही आतून खराब होत असतो, बऱ्याचदा अजिबात न दुखता. तो खात्रीने दिसतो शिरेतून द्रव्य देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये. त्याला संधिवाताच्या डॉक्टरांची औषधं लागतात.

आणि तपासल्याशिवाय लेझर न देण्याचं तिसरं कारण खास आपलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, मावा, विदर्भातला खर्रा शाळकरी मुलांच्या हातात पोचतो. गोड सुपारीची पुडी तर खाऊ म्हणून विकली जाते. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठर होतं, पांढुरके पट्टे येतात आणि तोंड उघडेनासं होतं. ओठांच्या आत बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. अशा मुलाला जबड्याचा सांधा दुखतो म्हणून लेझर दिला तर निदानच चुकलं.

"ही सगळी मुलं मी लेझरसाठी घेतच नाही," विद्यार्थी म्हणाला.

"तू घेत नाहीस. यंत्र विकणारा तुला शिकवून गेला तेव्हा त्याने हे सांगितलं होतं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

जबड्याच्या सांध्याच्या इतिहासात घाईची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या व्हिटेक कंपनीने झिजलेल्या चकतीच्या जागी बसवायला प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे तुकडे बनवले. १९८३ मध्ये त्यांना बाजारात यायची परवानगी मिळाली. हजारो रुग्णांमध्ये ते बसवले गेले. चावण्याच्या दाबाने त्यांचे कण झाले, शरीर त्या कणांवर तुटून पडलं आणि काहींची कवटीच्या तळाची हाडं झिजली. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि माल परत मागवला. तोवर त्यातल्या अनेक रुग्णांचं आयुष्य वेदनेत बुडालं होतं. त्यानंतर या क्षेत्रात जे परत फिरवता येतं तेच आधी करा, असा दंडक घट्ट झाला.

"लेझर परत फिरवता येतो," विद्यार्थी म्हणाला. "थांबवला की थांबला."

"मोठ्यांत. मुलांत मला तेवढी खात्री नाही. २०१० चा उंदरांवरचा अभ्यास वाच. वाढत्या उंदरांच्या सांध्यापाशी ९०४ नॅनोमीटरचा लेझर दिला, तर कॉन्डाइलची वाढ जास्त झाली."

"तो मी वाचलाय, आणि तो मला आशेचा वाटतो. ज्या मुलाची हनुवटी मागे आहे त्याला याचा उपयोग होईल का, यावर लोक काम करताहेत."

"एकाच बाजूला दुखतं म्हणून तू एकाच बाजूला देणार. वाढ एकाच बाजूला झाली तर?"

विद्यार्थ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. उंदराचा सांधा प्रकाशाच्या फार जवळ असतो, मुलाच्या सांध्यावर कातडी, चरबी आणि लाळग्रंथीचा थर असतो, आणि आत पोचणारी मात्रा कमी असते. गालाच्या स्नायूवर दिलेला प्रकाश कूर्चापर्यंत पोचेलच असंही नाही. तरी वाढ पूर्ण व्हायच्या आधी थेट कॉन्डाइलवर, पुन्हा पुन्हा, एकाच बाजूला लेझर देणं टाळावं, असंच या माहितीवरून म्हणावं लागतं. स्नायूवर द्यायचा असेल तर कानापासून दूर, जबड्याच्या कोनाकडच्या भरीव भागावर द्यावा. पालकांनी डॉक्टरला नेमकं हेच विचारावं: कुठे देणार, सांध्यावर की स्नायूवर, आणि त्याआधी तोंड किती उघडतं ते मोजलं का?

बोलणं फार लांबलं तेव्हा मॅडमनीच एक कागद ओढला. वाद मिटत नव्हता, पण तपासून पाहता येण्याजोगा होता. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे खोटा लेझर करणं सोपं. लाल ठिपका पडतो, यंत्र आवाज करतं, आतला प्रकाश बंद. कोणत्या मुलाला खरा आणि कोणाला खोटा, हे तिसऱ्याच माणसाकडे, बंद पाकिटात. दोन्ही गटांना तेच व्यायाम. चाचणी सुरू व्हायच्या आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी, देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद, आणि मुलांची स्वतःची कबुलीही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नियमांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, त्याहून मोठ्याची लेखी.

"व्यायामाची वही ठेव," मॅडम म्हणाल्या. "लेझर मिळालेल्या मुलांनी व्यायाम जास्त केला का, ते मला हवंय. तुझा सगळा दावा तिथेच आहे. नुसतं दुखणं कमी झालं म्हणून लिहू नकोस."

"आणि तुमचा?"

"माझं म्हणणं वाढीचं. चेहऱ्याचे फोटो समोरून नि बाजूने, दर सहा महिन्यांनी, तीन वर्षं. उपचार तीन आठवड्यांचा असला तरी. ज्याची हनुवटी वळते तो बाहेर. ज्याचं तोंड पस्तीस मिलिमीटरच्या आत उघडतं तो बाहेर. हनुवटीवर पडल्याचा इतिहास असेल तर आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. सुपारी खाणारा बाहेर, आणि त्याला सुपारी सोडवायला पाठवायचं. संधिवात असेल तर त्या डॉक्टरांकडे."

"तीन वर्षं मुलं येणार नाहीत, मॅडम. दुखणं थांबलं की आईबाप फोनसुद्धा उचलत नाहीत."

"शाळेतून घे. शाळेच्या दंत तपासणीत ती वर्षातून एकदा सापडतात. तिथेच फोटो काढ."

हा उपाय त्याला पटला. वयावर मात्र पुन्हा अडलं. त्याला सहा वर्षांपासूनची मुलं घ्यायची होती, कारण दात खाणारी बरीच मुलं त्याच वयात येतात. मॅडमना दहाच्या खालचं कुणी नको होतं. लहान मुलाला दुखणं नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही, कान, दात आणि जबडा तो एकच करतो, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्याने हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी दाखवली. चार-पाच वर्षांची मुलंही त्यावर बोट ठेवून किती दुखतं ते सांगतात, आणि बालरोग विभागात ती कधीपासून वापरात आहे. मॅडमनी पट्टी ठेवून घेतली आणि कागदावर वयाच्या रकान्यात, तूर्त, दहा ते सोळा असं लिहिलं.